मामूंच्या बशा

गेल्या महिन्यात गावी गेलो तेव्हा मामूंच्या टेबलावर एक फॉर्म पडलेला होता. वर पाण्याचा ग्लास ठेवलेला, म्हणून कागदावर गोल डाग पडला होता. मी उचलून वाचला. मामूंच्या नातीला पनवेलला एअर रायफलच्या प्रशिक्षणासाठी घ्यायचं ठरलं होतं. पोरगी एन.सी.सी.मध्ये आहे, तिथल्या सरांना तिचा हात स्थिर वाटला. सगळे रकाने तिने स्वतः भरले होते. खाली "पालकाची सही" एवढीच जागा रिकामी होती. तिचा बाप कतारला, म्हणजे पालक मामूच.

"मामू, सही राहिली की."

"उद्या करतो."

भाची स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "चार दिवस झाले उद्या करतो, उद्या करतो चाललंय."

मला हसू आलं आणि नवलही वाटलं. कारण आमच्या सगळ्या खानदानात बंदुकीच्या सर्वात जवळ कुणी राहिलं असेल तर ते मामू. 1997 ते 2019, तब्बल बावीस वर्षं त्यांनी कुवेतमध्ये काढली, आणि त्यातली बहुतेक शहराबाहेरच्या एका शूटिंग रेंजवर. त्यांनी स्वतः कधी बंदूक चालवली नाही. ते बशा भरायचे.

बशा हा त्यांचाच शब्द. ट्रॅप शूटिंगमध्ये हवेत उडणाऱ्या ज्या तबकड्या फोडतात, त्यांना इंग्रजीत क्ले म्हणतात. प्रत्यक्षात त्या डांबर आणि चुनखडीच्या भुकटीच्या असतात. रुंदी 110 मिलिमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या थोडं वर. चहाच्या बशीएवढी वस्तू. मामूंनी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, "काम बशा भरायचं आहे." नानी वर्षभर समजत होती की पोराला हॉटेलात नोकरी लागली.

मामू सही का करत नव्हते ते समजायला मागे जावं लागेल.

आमचं गाव रायगडात, खाडीकाठी. वर डोंगर, खाली भातशेती, मधे नारळ-सुपारीच्या वाड्या. अशा गावांत पूर्वीपासून दोन-चार घरांत ठासणीची बंदूक असायचीच, मग घर कुणब्याचं असो की मुसलमानाचं. पीक संरक्षणाचा परवाना मिळायचा. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरत. एका रात्रीत वर्षाची मेहनत लोळवून जात. नाना माळ्यावर राखणीला बसायचे, बरोबर शेजारच्या वाडीतले त्यांचे कुणबी मित्र. एकाकडे बंदूक, दुसऱ्याकडे बॅटरी. नेम कितपत लागायचा ते अल्लाला ठाऊक, पण आवाजाने डुकरं पळायची. निवडणूक आली की ती बंदूक पोलिसांकडे जमा करायची, पावती घ्यायची आणि निकालानंतर परत आणायची. त्यात कुणाला काही वाटत नसे. बैल पाणवठ्यावर न्यावा, तसं ते काम होतं.

मग 1993 उजाडलं. 12 मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, 257 माणसं गेली. पुढे कळलं की त्यासाठीचा माल आमच्याच किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीला उतरला होता. मी तेव्हा सात वर्षांचा. मला आठवतं ते एवढंच की मोठी माणसं हळू आवाजात बोलायला लागली. गावात जीप यायची, माणसं चौकशीला नेली जायची. ज्यांचा संबंध होता ते पकडले गेले, ते योग्यच झालं. पण ज्यांचा नव्हता त्यांच्याकडेही बघण्याची नजर बदलली, आणि त्यांची स्वतःकडे बघण्याचीही.

एका सकाळी नानांनी बंदूक गोणपाटात गुंडाळली आणि एस.टी.ने तालुक्याला नेऊन जमा केली. कुणी मागितली नव्हती. निवडणूकही नव्हती. ठाण्यातल्या हवालदाराने म्हणे खुर्ची दिली, म्हणाला, "चाचा, तुमच्याबद्दल कुणाला शंका नाही." नाना म्हणाले, "तरी राहू द्या." पावती घेऊन आले. ती ट्रंकेत कुराणशरीफच्या रुमालाखाली ठेवली आणि पुन्हा कधी बंदूक आणायला गेले नाहीत. परवान्याचं नूतनीकरणही केलं नाही. पुढची काही वर्षं ते रात्री पत्र्याचा डबा वाजवत बसायचे. डुकरं डब्याला आठवड्याभरात सरावली. नंतर वरचं शेत पडीकच राहिलं.

त्या घरातला मुलगा चार वर्षांनी कुवेतला गेला, आणि नशीब बघा, त्याच्या वाट्याला काम आलं ते बंदुकांच्या मैदानावर.

मामूंनी घरी ही गोष्ट पहिली काही वर्षं सांगितलीच नाही. पत्रात बशा, फोनवर बशा. शेवटी 2000 सालच्या सप्टेंबरात शेजारच्यांच्या फोनवर त्यांचा फोन आला. आवाज एवढा मोठा की अंगणात ऐकू येत होता. "अम्मी, आमच्या माणसाने मेडल मारलं! ऑलिम्पिकचं!"

नानीने विचारलं, "आमच्या म्हणजे कुणाच्या? कुठल्या गावचा?"

तो माणूस म्हणजे फहैद अल-दैहानी, कुवेतच्या सैन्यातला अधिकारी. सिडनीला डबल ट्रॅपमध्ये त्याला कांस्यपदक मिळालं. कुवेतचं ऑलिम्पिकमधलं ते पहिलं पदक. मामूंच्या लेखी तो "आमचा" होता, कारण त्यांच्या हातच्या बशा त्याने फोडल्या होत्या. डबल ट्रॅप म्हणजे एकाच वेळी दोन बशा सुटतात आणि दोन गोळ्यांत दोन्ही फोडायच्या. त्या दिवशी घरात सगळ्यांना कळलं की मामू कुठे काम करतात. नाना काही बोलले नाहीत. नानीने मात्र दोन प्रश्न विचारले, "बंदूक चालवून बक्षीस मिळतं?" आणि "कबुतरं मारतात का रे तिथे?"

दुसरा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. या खेळाची सुरुवात खरोखर जिवंत कबुतरांपासूनच झाली. सापळ्यातून कबुतर सोडायचं आणि उडताना टिपायचं, म्हणून नाव ट्रॅप. 1900 साली पॅरिसला ऑलिम्पिकच्या वेळी जिवंत कबुतरं मारण्याची स्पर्धा झाली होती. पुढे त्यांची जागा तबकड्यांनी घेतली. मामू नानीला म्हणाले, "नाही अम्मी, जिवाला काही होत नाही. नुसत्या बशा फुटतात." नानीला बरं वाटलं. जिवंत प्राण्याला नेमबाजीचं निशाण करू नये ही शिकवण तिने मौलवीसाहेबांकडून ऐकलेली होती, आणि नेमबाजी शिकावी ही शिकवणही. दोन्ही एकाच जागी पाळल्या जातात, हे तिला पटलं.

काम कष्टाचं होतं. ट्रॅपच्या मैदानावर शूटरच्या समोर पंधरा मीटरवर जमिनीखाली एक खंदक असतो. त्यात पंधरा यंत्रं, प्रत्येक उभं राहण्याच्या जागेसमोर तीन-तीन. शूटर आवाज देतो, मायक्रोफोन तो टिपतो आणि तीनपैकी एक यंत्र बशी फेकतं. डावीकडे, उजवीकडे की सरळ, ते त्याला आधी माहीत नसतं. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने ती सुटते. तो दोन गोळ्या झाडू शकतो, पण दुसरीपर्यंत बशी लांब गेलेली असते. पंचवीस बशांची एक फेरी. मोठ्या स्पर्धेत पाच फेऱ्या, म्हणजे 125 बशा. मामू त्या खंदकात. वर कुवेतचा उन्हाळा, पारा पन्नाशीकडे, खाली पत्र्याच्या यंत्रांची धग. फेरी संपली की यंत्रं भरायची, दिवस संपला की मैदानभर पडलेल्या ठिकऱ्या गोळा करायच्या. हातांचा काळा रंग जुम्म्याच्या आंघोळीनेही जात नसे.

तरी त्यांना ती जागा आवडायची. का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, सुट्टीवर आले होते तेव्हा.

"तिथे बंदूक घेतलेला माणूस लपत नाही रे. बंदूक उघडी, मोडून हातावर टाकलेली, सगळ्यांना दिसते अशी. नाव पाठीवर. लागली बशी तर फलकावर एक, नाही लागली तर शून्य. पंच हात वर करतो, सगळे बघतात. कुणी कुजबुजत नाही."

मी तेव्हा कॉलेजात होतो. मुंबईत भाड्याची खोली शोधताना नाव सांगितल्यावर खोली "कालच गेली" असं दोनदा ऐकलं होतं. मामूंचं बोलणं मला नीट कळलं.

2004 मध्ये अथेन्सला त्याच डबल ट्रॅपमध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी रौप्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक रौप्य. सुवर्ण गेलं अमिरातीच्या अहमद अल मकतूमकडे, 189 विरुद्ध 179. मामूंच्या खोलीत सहा माणसं राहायची, तीन मल्याळी, एक हैदराबादी, एक पेशावरचा आणि मामू. त्या रात्री राठोडांसाठी पेशावरवाल्याने चहा केला. अरब लोक मामूंना नावाने हाक मारत नसत, "हिंदी" म्हणत, म्हणजे भारतीय. दुसऱ्या दिवशी रेंजवर चार-पाच जणांनी "मबरूक, हिंदी" म्हटलं. मामू म्हणतात, "आयुष्यात पहिल्यांदा देशासाठी माझं अभिनंदन झालं, तेही परदेशात."

2012 ला लंडनचं ऑलिम्पिक रमजानमध्ये आलं. अल-दैहानी या वेळी ट्रॅपमध्ये उतरला. कांस्यपदकासाठी ऑस्ट्रेलियाच्या मायकेल डायमंडशी शूट-ऑफ झाला. शूट-ऑफमध्ये एकेक बशी, जो आधी चुकेल तो गेला. डायमंड म्हणजे या खेळातलं थोर नाव, दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकांचा धनी. तो चुकला. इफ्तारनंतर मामूंचा फोन आला, पुन्हा "आमच्या माणसाने" म्हणत. तोवर नाना गेले होते. नानीने मात्र या वेळी गाव विचारलं नाही.

पण मामूंनी सगळ्यात जास्त वेळा सांगितलेली गोष्ट 2016 ची. क्रीडा संघटनांच्या कारभारात सरकारी हस्तक्षेप होतो म्हणून आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने कुवेतला निलंबित केलं होतं. खेळाडूंना रिओला जाता येणार होतं, पण देशाच्या नावाशिवाय, ऑलिम्पिकच्या झेंड्याखाली. उद्घाटनाला तो झेंडा धरायचा मान अल-दैहानीला देऊ केला. त्याने नकार दिला. मी सैनिक आहे, फक्त कुवेतचा झेंडा धरीन, असं त्याचं म्हणणं. आणि मग डबल ट्रॅपची अंतिम लढत त्याने इटलीच्या मार्को इनोसेंटीविरुद्ध 26-24 अशी जिंकली. स्वतंत्र ऑलिम्पिक खेळाडू म्हणून उतरून सुवर्ण मिळवणारा तो पहिला. पदक गळ्यात पडलं तेव्हा धून वाजली ती ऑलिम्पिकची.

तीन दिवसांनी स्कीटमध्ये त्याचा सहकारी अब्दुल्ला अल-रशीदीने कांस्य मिळवलं. स्कीट म्हणजे दोन बाजूंच्या दोन घरांतून बशा सुटतात आणि बशी दिसेपर्यंत बंदूक खांद्याला लावता येत नाही. देशाचा पोशाख घालायची परवानगी नव्हती, म्हणून हा गृहस्थ आर्सेनल फुटबॉल क्लबचा टी-शर्ट घालून उतरला. वय 52. जगभर लोक हसले आणि त्याच्या प्रेमात पडले. मामू त्या रात्री रडले. फोनवर म्हणाले, "नाव लिहिलं, देश लिहिला नाही. पण बशी तर फुटली ना!"

तेव्हा मला वाटलं, मालकांच्या आनंदात नोकर रडतोय. आता तसं वाटत नाही. मामू वीस वर्षं अशा देशात राहिले जिथे ते कधीच नागरिक होणार नव्हते. आणि ज्या देशाचे नागरिक होते, तिथे त्यांच्या बापाने कुणी न मागता बंदूक नेऊन दिली होती. झेंड्याशिवाय उभं राहणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्याच रिओच्या स्कीटमध्ये आपला एक माणूस होता, मेराज अहमद खान. उत्तर प्रदेशातल्या खुर्जाचा, चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावचा.  त्याने 125 पैकी 121 बशा फोडल्या आणि उपांत्य फेरी शूट-ऑफमध्ये हुकली. मामूंनी तेव्हा मला पहिल्यांदा भारतातल्या शूटरबद्दल विचारलं, "हा मेराज खान कोण? खुर्जा कुठे आलं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "बशांच्या गावचा माणूस बशा फोडतो, वा!"

2019 ला मामू कायमचे परत आले. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने वाडीतल्या सुपाऱ्या झोपवल्या. 2021 च्या जुलैत बकरी ईदनंतर पावसाने महाड बुडवलं. आमच्याकडे चार दिवस वीज नव्हती. त्या पावसात, 26 जुलैला, ओटीवर बसून शेजाऱ्याच्या इन्व्हर्टरवर चार्ज केलेल्या मोबाइलवर आम्ही टोकियोच्या स्कीटची फायनल पाहिली. चित्र अडकत होतं. अल-रशीदी तिथे होता, 57 वर्षांचा, आणि या वेळी कुवेतच्या पोशाखात. त्याने पुन्हा कांस्य मिळवलं. मामू पडद्याला बोट लावून म्हणाले, "बघ, आज कपडे घातलेत."

आणि 2022 च्या जुलैत बातमी आली. दक्षिण कोरियात चांगवॉनच्या वर्ल्ड कपमध्ये 46 वर्षांच्या मेराज खानला स्कीटचं सुवर्ण, अंतिम फेरीत 40 पैकी 37. पुरुषांच्या स्कीटमध्ये भारताला वर्ल्ड कपचं वैयक्तिक सुवर्ण पहिल्यांदाच मिळालं. मी मामूंना मोबाइलवर फोटो दाखवला. तिरंगा, बंदूक आणि खाली नाव. ते बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "पेपरात पण असंच छापलंय? हेच नाव, बंदुकीसकट?"

"असंच."

"खाली काही उलटसुलट नाही?"

"नाही, मामू. सगळ्यांनी अभिनंदन केलंय."

त्यांनी फोटो स्वतःच्या फोनवर पाठवायला सांगितला.

त्या सगळ्या आठवणी असूनही फॉर्म चार दिवस पडून होता. रात्री जेवणं झाल्यावर मी सरळ विचारलं, "भीती वाटते का?"

मामू उठले. आतून ट्रंकेतली ती पावती आणली. कागद पिवळा, घडीवर फाटलेला, शाई उडालेली. बंदुकीचा नंबर मात्र वाचता येत होता. त्यांनी ती नातीच्या हातात दिली. "तुझ्या पणजोबांची बंदूक. डुकरांसाठी होती. त्यांनी ती नेऊन दिली."

तिने नीट वाचली. "त्यांनी काही केलं होतं?"

"काही नाही."

"मग परत का नाही आणली?"

ओटीवर कुणी बोललं नाही. तिला 1993 ठाऊक आहे, पण पुस्तकातलं. मी काहीतरी समजावायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण तिचा प्रश्न बरोबर होता. आम्ही तिघा पिढ्यांनी तो स्वतःला विचारलाच नव्हता. न केलेल्या गोष्टीची लाज आम्ही इतकी वर्षं ट्रंकेत जपून ठेवली होती, रुमालाखाली.

मामूंनी पेन मागितलं. नात्याच्या रकान्यात सावकाश "आजोबा" लिहिलं आणि सही केली. पाण्याचा डाग पुसायचा प्रयत्न केला, तो गेला नाही. "चालतं गं असं?" म्हणाले. ती म्हणाली, "चालतं."

पनवेलला ते स्वतः तिला घेऊन गेले. मीही मुंब्र्याहून पोचलो. एअर रायफलची रेंज म्हणजे बंद हॉल, दहा मीटरवर लक्ष्य. तिथे खंदक नाही आणि ठिकऱ्याही नाहीत. मामू थोडे हिरमुसले. "बशा नाहीत?" त्यांनी तिथल्या मुलाला विचारलं. तो समजला चहाच्या बशा. म्हणाला, "कॅन्टीन खाली आहे, काका."

शॉटगनचा खेळ महागडा आहे, एकेका सरावाला शंभर-शंभर काडतुसं उडतात. महाराष्ट्राचं नाव मोठं केलं ते रायफल-पिस्तूलवाल्यांनी, अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि पॅरिसला कांस्य मिळवणारा कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे. आमची पोरगी त्या रांगेत कुठे बसेल की नाही, माहीत नाही. पहिल्या दिवशी तिची रायफल थरथरत होती. चाळीस गोळ्यांत किती तरी बाहेर गेल्या. हातही भरून आला असणार, पण ती बोलली नाही.

शेवटी फलकावर सगळ्यांचे गुण लिहिले. नऊ मुलंमुली, नऊ नावं, समोर आकडे. आमची सातवी. मामू चष्मा लावून फलकाजवळ गेले, तिच्या नावावर बोट ठेवून वाचलं, पूर्ण नाव, आडनावासकट, जरा मोठ्याने. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन कतारला फोन लावला.

"अरे, आमच्या माणसाने..." एवढं म्हणून थांबले, आणि दुरुस्त केलं. "आमच्या पोरीने आज बंदूक चालवली."